अनोळखी इंग्रजी फ्रेझल व्हर्बचा अर्थ कसा लावावा

साधे, रोजच्या ओळखीचे क्रियापद आणि त्याच्या पाठोपाठ येणारे 'अप', 'आउट', 'ऑफ', 'डाउन' यांसारखे एखादे अव्यय मिळून जेव्हा तिसराच अर्थ तयार होतो, तेव्हा त्या जोडीला इंग्रजीत फ्रेझल व्हर्ब म्हणतात. चांगले इंग्रजी येणारा वाचकही नेमका येथेच अडतो, कारण दोन्ही शब्द त्याला माहीत असतात आणि तरीही वाक्य कळत नाही. ही तक्रार जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा परकीयांना सर्वांत अधिक त्रास याच रचनेचा होतो असे प्रस्तावनेत नोंदवून त्याने 'सेट इन', 'सेट आउट', 'सेट ऑफ' अशी उदाहरणांची रांगच लावली होती. फ्रेझल व्हर्ब हे नाव मात्र बरेच नंतरचे आहे. ते लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात वापरले आणि पुढे तेच रूढ झाले.

मराठी वाचकाने या रचनेला बिचकण्याचे खरे तर कारण नाही. शाळेत संस्कृत शिकलेल्या अनेकांना 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते' हा चरण आठवत असेल. एकाच 'हृ' धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार आणि परिहार असे एकमेकांशी सुतराम संबंध नसलेले शब्द उपसर्गामुळे होतात, असे तो श्लोक सांगतो. इंग्रजी हेच काम करते, फक्त तिचा उपसर्ग धातूच्या आधी न लागता नंतर येतो आणि पुष्कळदा धातूपासून सुटून चार शब्द पलीकडे जाऊन बसतो. आपल्या रोजच्या मराठीतही 'विसरून बसला', 'सांगून टाकले', 'लिहून काढले' असे प्रयोग आहेतच. त्यांत कोणी बसत नाही आणि काही खाली पडत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

अडचण येते ती वाचण्याच्या क्रमामुळे. आपण क्रियापदाला घट्ट धरून ठेवतो आणि त्याच्या मूळ अर्थातून पुढचा अर्थ ओढून काढू पाहतो. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी वाक्यातले कर्ता आणि कर्म पाहावे, मग अव्यय पाहावे आणि क्रियापदाचा स्वतःचा अर्थ सर्वांत शेवटी विचारात घ्यावा. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

आधी जोडी खरी आहे का, ते तपासावे

क्रियापदाच्या शेजारी 'अप' दिसले म्हणजे फ्रेझल व्हर्ब झालेच, असे नाही. 'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल' ही दोन वाक्ये पाहावीत. पहिल्यात माणूस टेकडीवर धावत गेला आहे. तेथे 'अप' हा शब्द 'हिल'शी बांधलेला आहे आणि 'कोठे धावला?' या प्रश्नाला 'टेकडीवर' असे सरळ उत्तर मिळते. दुसऱ्यात माणूस कोठेही धावलेला नाही, त्याने बिल वाढवून ठेवले आहे. तेथे 'अप' क्रियापदाशी बांधलेला आहे. शंका आली तर कर्माच्या जागी 'इट' घालून पाहावे. बिलाच्या बाबतीत 'रॅन इट अप' असे म्हणावे लागते, तर टेकडीच्या बाबतीत 'रॅन अप इट' एवढेच शक्य असते. सर्वनाम मध्ये शिरत असेल, तर ती जोडी फ्रेझल व्हर्बची आहे. बोलण्यात आणखी एक खूण मिळते, ती म्हणजे अशा जोडीत अव्ययावर स्पष्ट जोर येतो.

ही कसोटी सर्वत्र लागू पडत नाही, कारण काही फ्रेझल व्हर्ब कर्माला मध्ये येऊ देत नाहीत आणि काहींना कर्मच नसते. तरी सुरुवातीला ती पुरेशी आहे. तिच्यासोबत दोन सवयी लावून घ्याव्यात. वाक्याच्या शेवटी एखादे 'डाउन' किंवा 'ऑफ' एकटेच पडलेले दिसले, तर मागे जाऊन त्याचे क्रियापद शोधावे. आणि अव्ययानंतर लगेच 'विथ', 'ऑन' किंवा 'टू' आले, तर तेही जोडीत धरून पाहावे, कारण 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे आणि नुसते 'पुट अप' म्हणजे काहीतरी अगदी वेगळे.

एक उदाहरण सविस्तर: 'रीड डाउन'

न्यायालयीन बातम्यांत वारंवार येणारा आणि तरीही पुष्कळांना न उलगडणारा प्रयोग म्हणजे 'रीड डाउन'. 'द कोर्ट रीड डाउन द सेक्शन' असे वाक्य समोर आले की वाचक 'वाचणे' आणि 'खाली' यांची बेरीज करू लागतो आणि न्यायाधीशांनी कलम खालपर्यंत वाचून दाखवले, अशा काहीतरी निरर्थक जागी येऊन पोहोचतो. त्यात भर म्हणजे या क्रियापदाचे भूतकाळी रूपही त्याच अक्षरांनी लिहिले जाते, फक्त त्याचा उच्चार 'रेड' असा होतो. त्यामुळे काळ कोणता, हेही नुसत्या लिपीवरून कळत नाही.

आता क्रम उलटा करू. कर्ता कोण आहे? न्यायालय. अशी आणखी तीन-चार वाक्ये शोधली, तर कर्त्याच्या जागी प्रत्येक वेळी न्यायालय, खंडपीठ किंवा न्यायाधीशच सापडतात. कर्म काय आहे? कलम, तरतूद, नियम. कर्माच्या जागी पुस्तक, पत्र किंवा वर्तमानपत्र कधीच येत नाही. म्हणजे येथे वाचन हे डोळ्यांनी करायचे काम नसून न्यायालयाने कायद्यावर करायची काही क्रिया आहे, इतके क्रियापदाकडे न पाहताच निश्चित झाले.

यानंतर अव्यय. 'डाउन' ज्या इतर क्रियापदांबरोबर येते, त्यांची यादी मनातल्या मनात करावी. 'कट डाउन', 'स्केल डाउन', 'टोन डाउन', 'नॅरो डाउन', 'वॉटर डाउन' या सगळ्यांत काहीतरी कमी, सौम्य किंवा मर्यादित होते. 'राइट डाउन', 'नोट डाउन' हे दुसरे कुटुंब आहे, त्यात कागदावर उतरवणे आहे. 'नॉक डाउन', 'स्ट्राइक डाउन', 'शूट डाउन' हे तिसरे, त्यात पाडणे आहे. न्यायालय कलम कागदावर उतरवत नाही, म्हणून दुसरे कुटुंब बाद. उरतात दोन: कलम पाडले किंवा कलम मर्यादित केले.

या दोहोंतून निवड करायला एकच निकाल पुरतो. श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरावरून पालघरच्या दोन तरुणींना झालेली अटक या याचिकेच्या मुळाशी होती, म्हणून महाराष्ट्रात या निकालाची चर्चाही पुष्कळ झाली. त्याच निकालात त्याच कायद्याच्या कलम ७९(३)(ब) चे काय झाले, हे मात्र कमी लोकांच्या लक्षात राहिले. संकेतस्थळ चालवणाऱ्याला बेकायदा मजकुराची प्रत्यक्ष माहिती मिळूनही त्याने तो काढला नाही, तर त्याचे संरक्षण जाते, असे ते कलम सांगते. ही 'प्रत्यक्ष माहिती' म्हणजे कोणाही व्यक्तीची तक्रार नव्हे, तर न्यायालयाचा आदेश, असा अर्थ न्यायालयाने लावला, शासनाच्या सूचनेलाही घटनेच्या कलम १९(२) ची, म्हणजे भाषणस्वातंत्र्यावर घालता येणाऱ्या वाजवी निर्बंधांची, मर्यादा घातली आणि ते कलम कायम ठेवले. इंग्रजी बातम्यांत पहिल्या कलमासाठी 'स्ट्रक डाउन' होते आणि दुसऱ्यासाठी 'रीड डाउन'. एका निकालात दोन वेगळे प्रयोग दोन वेगळ्या परिणामांसाठी आले, म्हणजे ते समानार्थी नाहीत. एकात कलम पडले. दुसऱ्यात ते उभे राहिले, पण आखडून.

आता कोठे क्रियापदाकडे यावे. कायद्याच्या भाषेत 'रीड' म्हणजे अर्थ लावणे, हा अर्थ एरवीही रूढ आहे. त्याला 'डाउन' जोडले की 'व्यापक शब्दांचा अर्थ इतका मर्यादित लावणे, की तरतूद घटनेच्या चौकटीत बसेल' असा पूर्ण अर्थ हाती येतो. पडताळा म्हणून तो दुसऱ्या बातमीला लावून पाहावा. ६ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ बाबत हाच प्रयोग झाला. प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध त्या कलमातून वगळले गेले आणि उरलेले कलम तसेच राहिले. अर्थ चपखल बसतो. सर्वसाधारण विद्यार्थी-कोशांत हा प्रयोग सापडेलच असे नाही, म्हणून अशा ठिकाणी हीच रीत हाताशी असावी लागते.

कर्माची जागा बदलली की अर्थ बदलतो

'फॉब ऑफ' हा प्रयोग बोलीतला आहे आणि ब्रिटिश इंग्रजीत तो विशेष ऐकू येतो. 'द बिल्डर फॉब्ड अस ऑफ विथ प्रॉमिसेस' या वाक्यात कर्म माणसे आहेत आणि 'विथ'च्या पुढे त्यांना मिळालेली वस्तू आहे. बिल्डरने नुसत्या आश्वासनांवर आमची बोळवण केली, असा त्याचा अर्थ. 'द शॉपकीपर फॉब्ड द ओल्ड स्टॉक ऑफ ऑन अस' या वाक्यात कर्म वस्तू आहे आणि माणसे 'ऑन'च्या पुढे आहेत. दुकानदाराने जुना माल आमच्या माथी मारला. इंग्रजीला एकच जोडी पुरते, मराठीला दोन वाक्प्रचार लागतात. म्हणून अर्थ शोधताना केवळ 'फॉब ऑफ' एवढेच टिपून ठेवणे पुरेसे नसते. कर्म माणूस आहे की वस्तू आणि पुढे 'विथ' आहे की 'ऑन', हे सोबत टिपावे लागते. येथेही कुटुंब मदतीला येते. 'पाम ऑफ' आणि 'पास ऑफ' या दोहोंत खोटे किंवा नकोसे काही खपवून मोकळे होण्याचा भाव आहे.

कर्म नसेल, तर हेच काम कर्ता करतो. 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले. हे ठाऊक असलेला विद्यार्थी 'द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह' वाचून गजर पाच वाजता बंद पडला असे बेधडक लिहितो, आणि वाक्याचा अर्थ नेमका उलट, म्हणजे गजर पाचला वाजला असा असतो. 'द गन वेंट ऑफ' म्हणजे बंदुकीचा बार उडाला. 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' म्हणजे दूध नासले. गजर, बंदूक, बॉम्ब यांत काहीतरी दाबून, ताणून ठेवलेले असते आणि ते सुटते. दिव्यांत चालू असलेले थांबते. हे विचित्र वाटत असेल, तर आपल्या 'उडणे'कडे पाहावे. पक्षी उडतो, रंग उडतो, झोप उडते, धांदल उडते आणि बारही उडतो. रंग उडाला म्हणजे गेला आणि धांदल उडाली म्हणजे सुरू झाली, हे उलटसुलट अर्थ आपण कर्त्यावरूनच ओळखतो. इंग्रजी वाक्यातही तेच करायचे आहे.

क्रियापदातले चित्र कधी मानावे, कधी मानू नये

काही वेळा क्रियापदातच एक चित्र दडलेले असते आणि ते सापडले की अर्थ कायमचा लक्षात राहतो. अर्थविषयक पानांवर येणारा 'हाइव्ह ऑफ' हा प्रयोग तसा आहे. 'हाइव्ह' म्हणजे मधमाश्यांची पेटी किंवा पोळे. वसाहत फार वाढली की जुनी राणीमाशी बऱ्याच कामकरी माश्या बरोबर घेऊन बाहेर पडते आणि दुसरीकडे संसार थाटते. कंपनीने आपल्या व्यवसायाचा एक भाग वेगळा काढून त्याची स्वतंत्र कंपनी केली, तर त्याला 'हाइव्ह ऑफ' म्हणतात. 'ऑफ'चा विलग होण्याचा अर्थ आणि माश्यांचे चित्र एकमेकांना दुजोरा देतात, म्हणून येथे चित्रावर विश्वास ठेवावा.

'एग ऑन'च्या बाबतीत तो ठेवू नये. या 'एग'चा अंड्याशी काही संबंध नाही. तो जुन्या नॉर्स भाषेतून आलेला, चिथावणे या अर्थाचा वेगळा शब्द आहे आणि धार या अर्थाच्या 'एज'शी त्याचे नाते आहे. 'ऑन' मात्र 'अर्ज ऑन', 'चिअर ऑन' यांतल्यासारखेच, पुढे रेटणारे आहे. त्यामुळे अव्ययावरून निघालेला वाचक चिथावणीपर्यंत पोहोचतो आणि अंड्यावरून निघालेला भरकटतो. 'फॉब ऑफ'मध्येही किल्लीच्या साखळीतले 'फॉब' आठवून उपयोग नाही. फसवणे या अर्थाचे ते जुने क्रियापद निराळे आहे. 'ईक आउट' हे आणखी वेगळे. वाढवणे या अर्थाचे जुने 'ईक' आज एकटे जवळपास कोणी वापरत नाही, पण 'ईक आउट अ लिव्हिंग' म्हणजे कसेबसे पोट भरणे आणि 'ईक आउट द सप्लाइज' म्हणजे शिधा पुरवून पुरवून वापरणे, यांत ते टिकून आहे. गंमत म्हणजे 'निकनेम'च्या सुरुवातीलाही मुळात हेच 'ईक' होते.

नियम एवढाच: चित्र आणि अव्यय यांचे पटत नसेल, तर अव्ययाचे ऐकावे.

नाम उचलून त्याला 'अप' जोडण्याची सवय तर आजही जोरात चालू आहे. २०२० च्या साथीत 'मास्क अप' सगळ्यांनी ऐकले आणि ते कोणाला समजावून सांगावे लागले नाही. अमेरिकी बातम्यांतले 'लॉयर अप', म्हणजे पोलिसांशी बोलण्याआधी वकील गाठणे, हे त्याच साच्यातले. 'गिअर अप', 'टूल अप' हेही तसेच. त्या वस्तूने स्वतःला सज्ज करणे, हा साचा ओळखता आला की कोशात नसलेला शब्दही अडत नाही. मात्र 'चॉक अप' पाहून खडू घेऊन सज्ज होणे असा अर्थ लावू नये. तो फळ्यावर गुण मांडण्यातून आलेला असून यश किंवा गुण नावावर जमा करणे असा त्याचा अर्थ आहे. साचा लावण्याआधी कर्म तपासले, तर ही चूक होत नाही.

लिहिणारा कोठला आहे?

भारतातले काही प्रयोग बाहेर वेगळेच समजले जातात. 'आय पास्ड आउट इन २०१९' असे पुण्यामुंबईचा पदवीधर सहज लिहितो. अमेरिकी वाचक मात्र तो बेशुद्ध पडला असे समजतो. याला केवळ भारतीय चूक म्हणून मोडीत काढणे मला बरोबर वाटत नाही, कारण लष्करी प्रशिक्षण पूर्ण करणे या अर्थाने ब्रिटिश इंग्रजीत हा प्रयोग आहे आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतल्या दीक्षान्त संचलनाला आजही 'पासिंग आउट परेड' म्हणतात. महाविद्यालयासाठी तो वापरणे हा आपल्याकडचा विस्तार आहे. सरकारी फाइलवर 'प्लीज पुट अप' असा शेरा असतो, तेव्हा तेथे काही उभारायचे नसून फाइल सादर करायची असते. 'वॉश अप' म्हणजे इंग्लंडमध्ये भांडी घासणे आणि अमेरिकेत हाततोंड धुणे. म्हणून मजकूर कोठला आहे, हे अर्थ ठरवण्याआधी पाहून घ्यावे.

कोश शेवटी, पण नीट

अंदाज मनात ठरल्यावर कोश उघडावा. अंदाज हाती असला की दिलेल्या पाच-सहा अर्थांतून योग्य तो पटकन निवडता येतो. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन आणि कॉलिन्स यांचे विद्यार्थ्यांसाठीचे कोश जालावर मोफत पाहता येतात. त्यांत फ्रेझल व्हर्ब बहुधा मूळ क्रियापदाच्या नोंदीच्या शेवटी, अव्ययांच्या वर्णक्रमाने दिलेले असतात. नोंदीत 'समबडी' किंवा 'समथिंग' कोठे छापले आहे, तिकडे बारकाईने पाहावे. कर्म मध्ये येते की मागे आणि ते माणूस असते की वस्तू, हे त्यावरूनच समजते. शेजारी 'ब्रिटिश', 'इन्फॉर्मल' असे शेरे असतील, तर तेही वगळू नयेत. इंग्रजी-मराठी कोश मूळ अर्थ समजल्यानंतर, मराठी पर्याय शोधण्यासाठी उघडावा. यांत्रिक भाषांतराला एकटी जोडी न देता पूर्ण वाक्य द्यावे, आणि जोडी दूर दूर तुटली असेल तर त्याचे उत्तरही तपासून घ्यावे.

कोशानेही भागले नाही, तर वाक्यांचे संग्रह आहेत. सुमारे १० कोटी शब्दांचा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस आणि १०० कोटींहून अधिक शब्दांचा अमेरिकी इंग्रजीचा 'कोका' यांत एखादी जोडी घालून तिच्या आजूबाजूला कोणते शब्द येतात ते पाहता येते. शोधताना भूतकाळी रूपे आणि '-इंग' रूपेही घालावीत. दहा-पंधरा वाक्यांतली कर्मे एकाखाली एक लिहून काढली की बहुतेक वेळा अर्थ तेथेच उलगडतो.

अर्थ सापडल्यावर वहीत जोडी एकटी उतरवू नये. कर्ता आणि कर्म यांच्यासह पूर्ण वाक्य उतरवावे आणि त्यासमोर त्या वाक्यापुरताच मराठी पर्याय लिहावा. पर्याय निवडताना मजकुराचा बाज सांभाळावा. 'हाइव्ह ऑफ'साठी सदरलेखात 'वेगळी चूल मांडली' शोभते, पण भागधारकांना पाठवायच्या सूचनेत 'व्यवसाय विलग केला' असेच लिहावे लागते. 'फॉब ऑफ'साठी ग्राहकाच्या तक्रारीत 'बोळवण केली' चालते, मात्र आयोगापुढच्या अर्जात 'समाधानकारक उत्तर न देता परत पाठवले' असे सरळ लिहिणे बरे.